पांढरी, काळी आणि शेजाऱ्याचा हक्क

सातपुड्याच्या पायथ्याशीं, अमरावती जिल्ह्यांतील वरुड तालुक्यांत, शेंदूरजनाघाट हें गांव वसलेलें आहे. संत्र्याच्या बागा आणि संत्र्याचीं कलमें यांमुळें त्याचें नांव वऱ्हाडाबाहेरही अनेकांना परिचित आहे. आज तेथें नगरपरिषद आहे, पेठ आहे, शाळा आहेत. तरीही वऱ्हाडांतील कोणत्याही जुन्या वस्तीप्रमाणें येथील जमिनीच्याही दोन जाती मानल्या जातात. जेथें माणसें राहतात ती पांढरी, आणि जेथें पीक येतें ती काळी. मातीच्या भिंती पडाव्या, त्याच मातीच्या पुन्हा उठाव्या, असें पिढ्यान् पिढ्या होत गेलें म्हणजे वस्तीच्या जागेची माती फिकट पडते. म्हणून तिला पांढरी म्हणावयाचें. हे दोन शब्द शेतकऱ्याच्या तोंडीं सहज येतात. पण घरांविषयींचा एक फार जुना तंटा त्यांत सांठविलेला आहे. काळी कोणालाही वाढवितां येत नाहीं. आणि पांढरी वाढते ती काळीला खाऊनच वाढते.

घरांत माणसें वाढलीं कीं त्यांच्या पुढें दोनच वाटा उरतात. असलेली जागा आणखी वांटावयाची, ही एक. आणि गांवाबाहेर शेतांत पाय पसरावयाचा, ही दुसरी. पहिली वाट धरली तर शेजारी कुरकुर करतो, आणि दुसरी धरली तर शेताचा शेजारी कुरकुर करतो. ही कुरकुर पुष्कळदां मत्सराची असते, हें खरें. परंतु ती नेहमींच मत्सराची असते असें समजणें हा अन्याय होईल. तिच्यामागें कांहीं न्याय आहे कीं नाहीं, आणि असल्यास तो कोठपर्यंत, हा प्रश्न आपल्याकडील कायद्यानें, पंचांनीं आणि शहर वसविणाऱ्यांनीं निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या रीतीनें सोडविला आहे. त्याचाच हा थोडक्यांत इतिहास.

जुन्या चौसोपी वाड्याची वांटणी कशी होते तें प्रथम पाहावें. वडील गेले, चार भाऊ वेगळे झाले. मधल्या चौकांत भिंत आली. मग दुसरी आली. ज्या अंगणांत तुळस होती, धान्य वाळत होतें, मुलें खेळत होतीं, तें अंगण चार बोळांत विभागलें. थोरल्याच्या वांट्यास विहीर आली, धाकट्याच्या वांट्यास दिंडी-दरवाजा आला. म्हणून एकाला पाण्यासाठीं आणि दुसऱ्याला वाटेसाठीं भावाच्या तोंडाकडे पाहणें आलें. पुढें एका भावाचा हिस्सा कर्जापायीं परक्याच्या हातीं गेला, आणि त्या परक्यानें वर मजला चढविला, कीं शेजारच्या माजघरांतला उजेड गेला. पन्हळीचें पाणी दुसऱ्याच्या भिंतींत मुरूं लागलें. वऱ्हाडांतील गांवोगांवच्या तंट्यांचें मूळ शोधूं गेल्यास तें पुष्कळ वेळां अशा एखाद्या पन्हळींत किंवा खिडकींत सांपडतें.

कायद्यानें या तंट्याची दखल फार पूर्वींच घेतली. १८८२ च्या सुखाधिकारांच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, एखाद्या घरास वीस वर्षें अखंड व उघडपणें जो उजेड आणि वारा मिळत आला, तो शेजाऱ्यानें मनास येईल तसा बंद करूं नये. त्याच सालच्या मालमत्ता-हस्तांतरणाच्या कायद्यानें आणखी एक मर्यादा घातली. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरांतील हिस्सा एखाद्या परक्यानें विकत घेतला, तरी त्या घरांत सर्वांबरोबर राहण्याचा हक्क त्याला मिळत नाहीं. १८९३ चा वांटणीचा कायदा याच्याही पुढें गेला. असा परका वांटणी मागत न्यायालयांत आला, तर त्याचा हिस्सा योग्य किंमत देऊन विकत घेण्याची मुभा कुटुंबांतील हिस्सेदारास त्या कायद्याच्या चवथ्या कलमानें दिली. घर हें केवळ चौरस फुटांचें गांठोडें नसून तें कांहीं माणसांच्या सहवासाचें ठिकाण आहे, ही गोष्ट इंग्रजी अमलांतील कायद्यासही मान्य करावी लागली, हें यावरून दिसतें.

वऱ्हाडांत या विचारास आणखी एक आधार होता. तो म्हणजे हक्कशुफा, अर्थात् अग्रखरेदीचा हक्क. ही कल्पना मूळची मुसलमानी धर्मशास्त्रांतील. मुसलमानी राजवटींबरोबर ती हिंदुस्थानांत आली, आणि कांहीं प्रांतांत हिंदूंच्याही वहिवाटींत शिरली. तिचें सार असें, कीं एखादा मनुष्य आपली मिळकत विकूं लागला तर परक्या गिऱ्हाइकाच्या आधीं हिस्सेदाराला, आणि कोठें कोठें नुसत्या शेजाऱ्यालाही, त्याच किंमतीस ती घेण्याची संधि मिळावी. वऱ्हाडच्या जमीनमहसुलाच्या कायद्यांत या तत्त्वाला जागा मिळाली. १९२८ च्या कायद्यांत १७४ व्या कलमापासून पुढें, एकाच सर्व्हे नंबरांतील सहखातेदारांपुरता, हा हक्क नमूद केलेला होता. एका नंबरांत चार खातेदार, बांध एक, विहीर एक, गाडीवाट एक. त्यांत पांचवा अनोळखी येऊन आपला तुकडा वेगळा काढूं लागला तर शेतीचा सगळा मेळ बिघडतो, हा त्यामागील हिशेब होता. वऱ्हाडची जमीनमोजणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारीनें झाली असल्यामुळें खातेदार हाच येथील जमिनीचा मुख्य पुरुष होता. म्हणून हा हक्कही मालगुजारास नव्हे तर खातेदारासच मिळाला.

स्वातंत्र्यानंतर या हक्काची कसोटी लागली. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें निरनिराळ्या प्रांतांतील अग्रखरेदीचे कायदे एकत्र तपासावयास आले. त्यांत रेवा संस्थानचा होता, पंजाबचा होता आणि वऱ्हाडचाही होता. त्या वेळीं मिळकत घेण्याचा, बाळगण्याचा व विकण्याचा हक्क घटनेच्या मूलभूत हक्कांत मोडत असे. न्यायालयानें दोन गोष्टींत भेद केला. सहहिस्सेदाराला अग्रहक्क असणें वाजवी आहे. कारण त्यामुळें मिळकतीचे तुकडे टळतात आणि एकाच वास्तूंतील रोजचे तंटे टळतात. परंतु केवळ शेजारी आहे एवढ्यावरून अग्रहक्क देणें वाजवी नाहीं. या दुसऱ्या हक्काचा हेतु परक्याला लांब ठेवणें हाच होता. आणि जेथें शेजार धर्माप्रमाणें, जातीप्रमाणें, कुळाप्रमाणें बसलेला असतो, तेथें परका म्हणजे दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या जातीचा मनुष्य, असाच त्याचा अर्थ होतो. नव्या घटनेच्या देशांत अशा विभागणीस कायद्याचा आश्रय देतां येणार नाहीं, असा त्या विचाराचा रोख होता.

हा भेद नीट ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. माझा उजेड अडवूं नको, माझी वाट मोडूं नको, विहिरीवरचा भार माझ्या सोसण्यापलीकडे नेऊं नको, हें शेजाऱ्याचें एक म्हणणें. तूं येथें राहूंच नको, हें त्याचें दुसरें म्हणणें. पहिलें वास्तूविषयीं आहे, दुसरें माणसाविषयीं आहे. दुर्दैवानें हीं दोन्हीं म्हणणीं एकाच तोंडांतून, पुष्कळदां एकाच वाक्यांत बाहेर पडतात. आणि शहरें वाढूं लागलीं तेव्हां त्यांची सरमिसळ अधिकच झाली.

शहराच्या वाढीचें वऱ्हाडी चित्र अमरावतीच्या परकोटांत पाहावयास मिळतें. निजामाच्या अमलांत, पेंढाऱ्यांच्या भयानें, १८०७ सालीं या तटाचें काम सुरू झालें. त्याला पांच दरवाजे आणि चार खिडक्या. धनिक व्यापारी जिवाच्या व मालाच्या रक्षणासाठीं तटाच्या आंत राहिले. म्हणून आंतल्या प्रत्येक हातभर जागेवर घर उठलें, आणि गल्ल्या अरुंद झाल्या. पुढें पेंढाऱ्यांचें भय गेलें, कापसाचा व्यापार वाढला, आगगाडी आली, आणि वस्ती तटाबाहेर पसरली. त्याच काळांत अंमलदारांसाठीं कँप नांवाचा भाग वसला. तेथें एकेका बंगल्याभोंवतीं मोठमोठीं आवारें. एकाच शहरांत जागेचीं दोन मापें झालीं. एका मापानें दहा कुटुंबांस जेवढी जागा, तेवढी दुसऱ्या मापानें एका साहेबास. हिंदुस्थानांतील बहुतेक जिल्ह्यांच्या गांवीं हेंच घडलें. आणि पुढें मोठ्या आवारांचे तुकडे पाडावे कीं नाहीं, हा वाद तेथूनच जन्मास आला.

या वादाचें सर्वांत मोठें रणांगण मात्र मुंबई होय. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग उद्भवला आणि दाट वस्तीच्या चाळींतून तो वणव्यासारखा पसरला. त्या धक्क्यानें १८९८ सालीं मुंबई शहर सुधारणेचा कायदा होऊन सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडाव्या, रुंद रस्ते काढावे, आणि शहराच्या उत्तरेस मोकळ्या जागेंत नव्या वसाहती वसवाव्या, हें त्याचें काम. दादर-माटुंग्याची योजना या धोरणांतून निघाली. ऐकणाऱ्यास आज आश्चर्य वाटेल, पण त्या वेळीं तेथें शेतें, वाड्या आणि लहान लहान गांवें होतीं. ट्रस्टनें ती जमीन सक्तीनें घेतली, आणि जमीनमालकांनीं त्या संपादनास विरोध केला. म्हणजे दादरच्या वसाहतीचा पहिला विरोधक हा तेथील रहिवासी नव्हे, तर त्याच्या पूर्वींचा वाडीवाला होय. त्याच्या बागेचे भूखंड पडले म्हणून पुढच्या पिढीला बाग असलेलें घर मिळालें. शहरांत पाडलेल्या चाळींतील सगळ्या गरिबांना ट्रस्टच्या नव्या घरांत जागा मिळाली असेंही नाहीं. त्यांतले पुष्कळ लोक जवळच्याच दुसऱ्या दाट चाळींत जाऊन राहिले.

या नव्या भूखंडांवर ट्रस्टनें अटी घातल्या. जागा मालकीनें न देतां दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें द्यावयाची. इमारतीभोंवतीं मोकळी जागा सोडावयाची. उंची मर्यादेंत ठेवावयाची. मंचरजी एदलजी जोशी या अभियंत्याच्या खटपटीनें पारशी कुटुंबांसाठीं १०३ भूखंड राखून ठेवण्यांत आले आणि दादरची पारशी कॉलनी उभी राहिली; शेजारीं हिंदु कॉलनी वसली. झाडें, बागा, रुंद रस्ते आणि ठेंगण्या इमारती यांमुळें या वसाहती मुंबईचें भूषण ठरल्या. पण येथेंही एक फरक लवकरच घडून आला. योजना आंखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें स्वतंत्र बंगले होते; आणि घर शोधीत येणारा होता महिना मोजून पगार घेणारा कारकून, शिक्षक, वकील. त्याला अख्खा बंगला परवडण्यासारखा नव्हता. म्हणून बंगल्याच्या जागीं मजल्यावर मजला चढून भाड्याच्या बिऱ्हाडांच्या इमारती झाल्या. आज ज्या तीनमजली इमारतींचा जुनेपणा लोक हळहळून जपूं पाहतात, त्याच एका काळीं बंगल्याच्या कल्पनेवर झालेलें आक्रमण होत्या. शहराच्या इतिहासांत असें वारंवार घडतें. एका पिढीची गर्दी ही दुसऱ्या पिढीची परंपरा होते.

गिरगांवांतील खोताची वाडी ही तर याहून जुनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थांनीं आपल्या वाडींतील जागेचे लहान भूखंड ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस दिले. लांकडी जिने, पुढें ओसरी, उतरतीं कौलारू छपरें, आणि दोन माणसें जेमतेम बाजूनें जातील अशा गल्ल्या, असें तिचें रूप. एके काळीं तेथें सुमारें पासष्ट जुनीं घरें होतीं. आतां त्यांतलीं निम्मींही राहिलेलीं नाहींत. घर पडलें, जागा विकली गेली, आणि तिच्यावर उंच इमारत उठली, असा तो क्रम. रहिवाशांनीं अर्ज केले, सभा घेतल्या, वाडीचे उत्सव भरवून तिच्याकडे लोकांचें लक्ष वेधलें. त्यांचें म्हणणें साधें होतें. पांच फुटांच्या गल्लींत वीस मजले आले तर पाणी कोठून येणार, मैला कोठें जाणार, आग लागली तर बंब कसा शिरणार? हा प्रश्न सौंदर्याचा जितका, तितकाच नळाचा व गटाराचा होता. तरी त्या वाडींतील एखाद्या घराच्या मालकाची दुसरी बाजूही होती. गळकें छप्पर, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें गोठलेलें भाडें, परदेशीं गेलेलीं मुलें, आणि दुरुस्तीचा न झेपणारा खर्च. वाटेनें जाणारा ज्या ओसरीला पाहून सुखावतो, त्या ओसरीचा खर्च तो देत नाहीं.

मुंबईंतील बांधकामास १९६० नंतरच्या विकास आराखड्यानें चटईक्षेत्राचें माप लागू झालें. भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करावयाचें, हें त्या मापानें ठरतें. बेट-शहरासाठीं तें १.३३ होतें. १९९१ च्या नियमांनीं जुन्या उपकरपात्र इमारतींच्या पुनर्बांधणीस यापेक्षां बरीच अधिक सवलत दिली. आणि जुनी इमारत पाडणें हें दुरुस्तीपेक्षां फायद्याचें झालें. त्यावर उतारा म्हणून १९९५ सालीं वारसा-वास्तूंचे नियम व यादी लागू झाली. पाडण्यास उत्तेजन देणारा एक नियम आणि पाडण्यास आडकाठी करणारा दुसरा नियम, असे दोन्ही एकाच शहरांत नांदूं लागले. दोहोंच्या मध्यें सांपडला तो रहिवासी.

त्याची पंचाईत शिवाजी पार्कच्या प्रकरणांत स्पष्ट झाली. माहीम पार्क या नांवानें १९२५ सालीं हें मैदान लोकांस खुलें झालें. १९२७ सालीं अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्यास शिवाजी महाराजांचें नांव मिळालें. भोंवतालीं मराठी मध्यमवर्गाची वसाहत उठली. २०१२ सालीं महापालिकेनें वारसा-यादीची मोठी वाढ जाहीर केली, आणि तींत शिवाजी पार्कचा परिसर वारसा-क्षेत्र म्हणून सुचविला. मैदान व ठेंगण्या इमारती वांचतील म्हणून रहिवासी आनंदतील, असें बाहेरच्यास वाटावें. झालें उलट. पुष्कळ रहिवाशांनीं आणि राजकीय पक्षांनीं या सूचनेस कडाडून विरोध केला. इमारती साठ-सत्तर वर्षांच्या झाल्या, उद्वाहन नाहीं, म्हातारीं माणसें तिसऱ्या मजल्यावर अडकून पडतात. आतां पुनर्बांधणीची वाट बंद झाली तर आम्हीं जावें कोठें, असें त्यांचें म्हणणें. खोताच्या वाडींत शेजारी उंच इमारत नको म्हणत होते, आणि तेथून थोड्याच मैलांवर शेजारी आम्हांला उंच इमारत बांधूं द्या म्हणत होते. दोन्ही ठिकाणीं शब्द एकच होता, आमचा परिसर. त्या शब्दानें कोणताही एक निर्णय सिद्ध होत नाहीं, हें यावरून समजावें.

येथें परक्याचा प्रश्न पुन्हा डोकें वर काढतो. अहमदाबादेंतील एका पारशी सहकारी गृहसंस्थेचें प्रकरण २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयांत निकालास लागलें. सभासदाला आपल्या बंगल्याची जागा संस्थेच्या बाहेरच्यास द्यावयाची होती. संस्थेच्या पोटनियमाप्रमाणें सभासद पारशीच असावा लागे. न्यायालयानें पोटनियम मान्य केला, कारण स्वेच्छेनें जमलेल्या संस्थेस आपल्या सभासदत्वाच्या अटी ठरवितां येतात. १९६२ च्या निकालांत राज्याच्या कायद्यानें परक्यास अडविणें नापसंत ठरलें होतें. २००५ मध्यें लोकांनीं आपसांत केलेल्या करारानें अडविणें मान्य झालें. न्यायाच्या दृष्टीनें दोहोंत अंतर आहे. परंतु दारावरून परत जाणाऱ्या भाडेकरूला तें अंतर फारसें जाणवत नाहीं.

हा तंटा केवळ हिंदुस्थानाचा नाहीं. अमेरिकेंत ओहायो प्रांतांतील युक्लिड नांवाच्या गांवच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९२६ सालीं वस्तीचे विभाग पाडण्याचा गांवाचा अधिकार मान्य केला, आणि बंगल्यांच्या शेजारीं उठणारी भाड्याची इमारत ही बांडगुळासारखी असूं शकते, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्या निकालाच्या बळावर तेथील असंख्य गांवांनीं एका भूखंडावर एकच घर, असा दंडक घातला. त्याचें फळ पुढें दिसलें. घरें महागलीं, तरुण कुटुंबें दूर फेंकलीं गेलीं. म्हणून कॅलिफोर्नियानें २०२१ सालीं कायदा करून, बंगल्याच्या भूखंडाचे दोन भाग पाडण्यास मोकळीक दिली. आणि लगेच गांवोगांवच्या बंगलेवाल्यांनीं त्याविरुद्ध आरोळी ठोकली. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याला लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, हें येथें आठवल्याशिवाय राहत नाहीं. खऱ्या कॅलिफोर्नियांत लॉस एंजल्सच्या दक्षिणेस एक जिल्हाच संत्र्याच्या नांवाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील बहुतेक बागा तोडून त्यांचे भूखंड पाडले गेले. जिल्ह्याचें नांव राहिलें, झाडें गेलीं. आणि त्या भूखंडांवर राहणाऱ्यांचे वारस आज आणखी भूखंड नको म्हणून सभा भरवितात.

महाराष्ट्रांत भूखंड पाडण्याचें लोकांचें माप म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे बारीक तुकडे होऊं नयेत म्हणून मध्यप्रांतानें १९२८ सालीं तुकडेजोडीचा कायदा केला होता. मुंबई राज्यानें १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा केला, आणि पुढें तो विदर्भासही लागू झाला. शेत वांचावें हा त्याचा हेतु. परंतु शहराच्या कडेच्या शेतांत ज्याला घर हवें होतें, त्याच्याजवळ एक-दोन गुंठ्यांपुरताच पैसा होता. मग साध्या कागदावर व्यवहार झाले. रेखांकन नाहीं, रस्ता नाहीं, गटार नाहीं, अशा वस्त्या उभ्या राहिल्या. शेवटीं २००१ सालीं गुंठेवारीचा कायदा करून, त्या सालच्या १ जानेवारीपर्यंतच्या अशा वस्त्या शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय सरकारनें केली. २०२१ सालीं ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. ज्यांनीं नियमानें मोठा भूखंड घेतला होता, त्यांना हा अन्याय वाटला. ज्यांनीं गुंठ्यावर घर बांधलें, त्यांना तोच न्याय वाटला. कायद्यानें जी वाट पुढच्या दारानें बंद केली, तिच्यावरून माणसें मागच्या दारानें गेलीं. आणि गेलेल्यांना पुन्हा रानांत पाठविणें कोणत्याही सरकारास शक्य झालें नाहीं.

या सर्व इतिहासांतून एक गोष्ट निघते. वस्तीच्या वांटणीस होणारा विरोध जेव्हां पाणी, वाट, उजेड, गटार आणि आगीचें भय यांविषयीं बोलतो, तेव्हां तो बहुधा खरा असतो, आणि त्याचें उत्तरही देतां येतें. नळ मोठा करावा, रस्त्यासाठीं जागा आधीं सोडवून घ्यावी, भिंतीपासूनचें अंतर ठरवून द्यावें. जुन्या सुखाधिकाराच्या कायद्यानेंही हेंच केलें. त्यानें घर बांधण्यास बंदी केली नाहीं, दुसऱ्याचा उजेड राखून बांधा एवढेंच सांगितलें. पण विरोध जेव्हां येणाऱ्या माणसाविषयीं बोलूं लागतो, तेव्हां त्याला उत्तर नसतें. कारण येणारा येतोच. त्याला पांढरींत जागा मिळाली नाहीं तर तो काळींत शिरतो.

शेंदूरजनाघाटासारख्या गांवास हा धडा सर्वांत जवळचा आहे. संत्र्याची बाग एका हंगामांत उभी राहत नाहीं. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून कलम तयार करावयाचें, तें खड्ड्यांत लावावयाचें, आणि पहिलें पीक येईपर्यंत वर्षानुवर्षें पाणी घालावयाचें. अशी बाग तोडून तिचे भूखंड पाडण्यास मात्र एक पंधरवडा पुरतो. म्हणून जो गांवकरी आपल्या गल्लींत भावाच्या घरावर दुसरा मजला होऊं देत नाहीं, त्यानें पेठेबाहेरच्या बागेकडेही एकदां दृष्टि टाकावी. गल्लींत न मावलेलें घर तेथेंच जाऊन उभें राहणार आहे. वाड्याच्या चौकांतील भिंत मनाला बोंचते, हें खोटें नाहीं. परंतु ती भिंत पडली तर पुन्हा अंगण होऊं शकतें. काळींत एकदां पाया खणला गेला, तर ती पुन्हा काळी होत नाहीं.